वृद्धाश्रमातील औषधांचे कपाट आणि मालक न उरलेल्या गोळ्या

आंबेमोहर (धागालेखक)

माझी आत्या आयुष्याची शेवटची चार वर्षे एका वृद्धाश्रमात राहिली. तिथल्या माणसांनी तिची मनापासून सेवा केली, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा रोख त्यांच्यावर नाही. ती गेल्यानंतर तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी मी तिचे सामान आणायला गेलो. लुगड्यांच्या गाठोड्यासोबत व्यवस्थापकांनी औषधांची एक पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "ही इथेच राहू द्या, दुसऱ्या कुणाला तरी लागतील. टाकून कशाला द्यायची?"

मी होकार देणारच होतो. आमच्या घरात पानात भाताचे शीत टाकलेले चालत नसे, त्यामुळे चांगली औषधे वाया जाऊ नयेत ही भावना मला परकी नाही. परंतु पिशवी ठेवण्यासाठी त्यांनी जे कपाट उघडले, त्यात वरच्याच खणात आणखी दोन आजोबांची नावे लिहिलेली पाकिटे दिसली. त्यांतील एक आजोबा दीड वर्षापूर्वीच गेले होते, हे मला आठवत होते. मी पिशवी घेऊन घरी आलो.

पिशवीत काय आहे ते लिहितो. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनच्या तीन पूर्ण स्ट्रिप, थायरॉइडच्या गोळ्यांची अर्धी बाटली, तीव्र वेदनांवरच्या ट्रॅमॅडॉलच्या स्ट्रिपचे कात्रीने कापलेले पाच तुकडे, संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या सहा गोळ्या, न उघडलेली दोन इन्सुलिन पेन, उघडलेले डोळ्यांचे थेंब, एक इनहेलर, आणि लाडवांच्या लहान डब्यात सुट्या पडलेल्या ३४ गोळ्या. या शेवटच्या गोळ्या कसल्या आहेत, हे मला ओळखता येत नाही.

दोन आठवडे झाले, ही पिशवी माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे आणि रविवारी माझी तीन वर्षांची नात घरी येते. या पिशवीचे काय करावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे. ज्या ठिकाणी साठ-सत्तर वृद्ध राहतात आणि प्रत्येकाची पाच-सात औषधे चालू असतात, तिथे ती कशी ठेवावीत, आणि माणूस गेला किंवा डॉक्टरांनी औषध बदलले की मागे उरलेले औषध कुठे जावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी परिचारिका

आपण पिशवी घरी आणली हे योग्य केले. मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयात काम केले असून निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस एका वृद्धाश्रमात औषधांचे काम पाहते.

आपल्या यादीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मेथोट्रेक्सेटची. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची असते. नव्या मावशींनी इतर गोळ्यांसारखी ती रोज दिली, तर काही दिवसांतच तोंडात फोड येतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड दिले जाते आणि बऱ्याच कंपन्यांच्या या दोन्ही गोळ्या लहान व पिवळ्या असतात, त्यामुळे अदलाबदल होणे अगदी सोपे आहे. आम्ही मेथोट्रेक्सेट स्वतंत्र डबीत, कुलपात ठेवतो, डबीवर "फक्त मंगळवार" असे ठळक अक्षरांत लिहितो, आणि त्या आठवड्याची गोळीच तेवढी बाहेर काढतो. अशी गोळी उघड्या हाताने मोडू किंवा कुटूही नये, कारण हे औषध पेशींना मारक आहे.

आता त्या लाडवांच्या डब्याविषयी. आपण त्या गोळ्यांना कचरा समजत असाल, परंतु माझ्या दृष्टीने तो डबा म्हणजे आत्याबाईंनी न घेतलेल्या औषधांचा हिशेब आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या वृद्ध व्यक्ती गोळी गालात धरून ठेवतात आणि मावशींची पाठ वळली की काढून टाकतात. आमच्याकडे एका आजींच्या पदराच्या गाठीत सात गोळ्या सापडल्या होत्या. त्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टरांनी दोनदा मात्रा वाढवली होती, आणि आजींनी मुळात औषधच घेतले नव्हते. त्या सात गोळ्या कुणी मुकाट्याने केराच्या टोपलीत टाकल्या असत्या, तर मात्रा तिसऱ्यांदाही वाढली असती. म्हणून सुटी गोळी सापडली की ती टाकण्यापूर्वी कुणाच्या खोलीत, कोणत्या दिवशी सापडली, हे नोंदवहीत लिहिलेच पाहिजे, आणि पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

कापलेल्या स्ट्रिपविषयीही लिहायला हवे. मुदत आणि बॅच क्रमांक बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेले असतात. दुकानात चार गोळ्या मागितल्या आणि नेमके ते टोक दुकानात राहिले, तर आपल्या हातात येते ते वय नसलेले औषध. पुढे आश्रमात सोयीसाठी तिचे आणखी तुकडे होतात आणि मग नावही अर्धेच वाचता येते. आमचा नियम असा आहे की स्ट्रिप कापायचीच असेल तर छापील टोक शेवटपर्यंत राखायचे, आणि ज्या तुकड्यावर नाव व मुदत दोन्ही वाचता येत नाहीत, तो तुकडा कुणालाही द्यायचा नाही.

आठवड्याच्या खणांची डबी सोयीची असते, पण सगळ्याच गोळ्या तिच्यात काढून ठेवता येत नाहीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल आणि फिट्ससाठीच्या सोडियम व्हॅलप्रोएटच्या गोळ्या ओल धरतात, म्हणून त्या घेण्याच्या वेळेपर्यंत मूळ वेष्टनातच असाव्यात.

राहिले कपाट. बहुतेक ठिकाणी कपाटाला कुलूप असते आणि किल्ली त्याच खोलीत दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असते. किल्ली पाळीवरील जबाबदार व्यक्तीच्या अंगावरच असली पाहिजे. झोपेच्या गोळ्या आणि ट्रॅमॅडॉल यांच्यासाठी आतला दुसरा कुलूपबंद खण असावा, आणि प्रत्येक पाळी बदलताना येणाऱ्या व जाणाऱ्या दोघींनी गोळ्या मोजून सही करावी. सुरुवातीला यात अविश्वासाचा वास येतो, आमच्या मावशींनाही तो आला होता. पण एकदा तीन गोळ्या कमी भरल्या तेव्हा त्याच वहीमुळे एका मावशींवरचा खोटा आळ दूर झाला, आणि तेव्हापासून वही त्याच आग्रहाने मागतात.

वऱ्हाडी पळस

इन्सुलिनविषयी थोडे लिहितो, कारण माझे वडील विदर्भात ज्या वृद्धाश्रमात आहेत तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवल्यास ते गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी कामाचे राहत नाही. वापरात काढलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत सुमारे २८ दिवस सावलीतल्या खोलीच्या तापमानात चालते, पण ती खोली २५ ते ३० अंशांची गृहीत धरलेली आहे. आमच्याकडची दुपारची खोली तशी नसते. म्हणून आम्ही दोन मातीची भांडी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली आहे आणि वीज गेली की इन्सुलिन कोरड्या डबीत घालून आतल्या भांड्यात ठेवतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, म्हणून हा उपाय साधतो. कोकणातल्या दमट हवेत त्याच भांड्याचा फारसा उपयोग होणार नाही, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी केवळ माठावर विसंबून राहू नये.

शक्य असल्यास औषधांचा फ्रीज स्वयंपाकघरापासून वेगळा असावा. दूध आणि भाज्यांसाठी दिवसातून चाळीस वेळा उघडणाऱ्या फ्रीजच्या दारात इन्सुलिन ठेवणे म्हणजे ते बाहेर ठेवण्यासारखेच आहे. आंबेमोहर, आपल्याकडची पेन दोन आठवडे फळीवर होती आणि त्याआधी कपाटात होती, तेव्हा ती कुणालाही देऊ नयेत. बिघडलेले इन्सुलिन बाहेरून बहुतेक वेळा चांगलेच दिसते.

सेवाभावी

सर्वांचे मुद्दे मान्य आहेत, तरीही मनाला पटत नाही. आमचा गट सोसायट्यांतून उरलेली औषधे गोळा करून वस्त्यांमधील शिबिरांत देतो. ॲम्लोडिपिनच्या तीन अखंड, मुदत शिल्लक असलेल्या स्ट्रिप फेकून देणे हे, ज्यांना महिन्याच्या औषधासाठी मजुरी बुडवावी लागते त्यांच्यासमोर, मला अन्यायाचे वाटते.

पेठेतला औषधविक्रेता

सेवाभावी, आपली कळकळ मी समजू शकतो. माझ्या दुकानातही रोज कुणीतरी वडिलांची उरलेली औषधे घेऊन येते आणि गरजूंना द्या म्हणते. मी ती पुन्हा विक्रीत घेऊ शकत नाही आणि फुकटही देत नाही. माझ्या फळीवरील औषध घाऊक विक्रेत्याकडून कोणत्या बिलाने आले हे मला दाखवता येते. दुकानातून बाहेर पडलेली स्ट्रिप मात्र उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहिली, गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर राहिली, की न्हाणीघराच्या आरशामागे राहिली, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. छापलेली मुदत ही योग्य साठवणीच्या अटीवर दिलेली असते. जे औषध आपण आपल्या आईला विश्वासाने देणार नाही, ते वस्तीतल्या आईलाही देऊ नये, असे मला मनापासून वाटते. साध्या रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आणि जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. आपल्या गटाने लोकांना तिथवर पोहोचवले आणि गरज पडल्यास बिल भरले, तर तेच दान अधिक उपयोगी पडेल.

दुसरे असे की काही औषधे आपण वाटणे कायद्यातही बसत नाही. ट्रॅमॅडॉल, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही वेदनाशामक आणि झोप आणणारी औषधे सरकारच्या 'अनुसूची एच-१' या कडक नियमांच्या यादीत आहेत. ती विकताना मला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. माझ्या दुकानात इतकी मोजदाद होणारी गोळी आश्रमाच्या कपाटात पोहोचल्यावर बिनहिशेबी व्हावी, हे योग्य नाही.

मुदत संपलेले औषध दुकानदाराला परत देता येईल का, असे अनेकजण विचारतात. माझ्या न विकलेल्या मालाची परतीची वाट घाऊक विक्रेत्यामार्फत कंपनीपर्यंत जाते. ग्राहकाच्या घरातील उरलेल्या गोळ्यांना ती वाट मोकळी नाही. मात्र वृद्धाश्रमांना माझी एक सूचना आहे. तीन-तीन महिन्यांचा साठा भरू नये. पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचाच घ्यावा. वृद्धांच्या औषधांची मात्रा सतत बदलते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा तर रक्ततपासणीप्रमाणे बदलत राहते, आणि मग १ व २ मिलिग्रॅमच्या दोन्ही स्ट्रिप एकाच खणात पडून राहतात. जे उरतच नाही, त्याची विल्हेवाट लावावी लागत नाही.

हडसनपार

मी न्यू जर्सीतील एका नर्सिंग होममध्ये परिचारिका आहे. इथे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे. ज्यांना दीर्घकाळ शुश्रूषा लागते अशा, प्रामुख्याने वृद्ध, लोकांचे ते निवासस्थान असते.

इथे अफूवर्गीय तीव्र वेदनाशामके वेगळ्या, पक्क्या बसवलेल्या, कुलपाच्या खणात असतात आणि पाळी बदलताना दोन परिचारिका त्यांची मोजणी करतात. जुनी परिचारिका यांनी लिहिलेली वही वाचून मला माझ्याच वॉर्डात असल्यासारखे वाटले. निवासी व्यक्ती गेली किंवा औषध बंद झाले, की नियंत्रित औषधे ठरावीक मुदतीत बाहेर काढावी लागतात. २०१४ च्या संघराज्य नियमानुसार अधिकृत औषधालय किंवा रुग्णालय नर्सिंग होममध्ये कुलूपबंद संकलनपेटी ठेवू शकते, आणि अशा पेटीत औषध टाकायचे असेल तर ते बंद झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत टाकावे लागते. त्यापूर्वी बरीचशी औषधे सरळ संडासात ओतली जात. २०१९ पासून, धोकादायक कचऱ्यात मोडणारी औषधे आरोग्यसंस्थांनी सांडपाण्यात सोडण्यावर बंदी आहे. त्या यादीत आपल्या रोजच्या ओळखीचे, रक्त पातळ करणारे वॉरफरिनही आहे, कारण तेच रसायन उंदीर मारण्यासाठी वापरले जात आले आहे.

एक गोष्ट आपल्याकडील आश्रमांनाही सांगावीशी वाटते. कर्करोगाच्या वेदनांसाठी त्वचेवर लावायची फेंटानिलची पट्टी काढून टाकली, तरी तिच्यात बरेच औषध शिल्लक असते. लहान मुलाने ती अंगाला चिकटवली किंवा तोंडात घातली, तर श्वास बंद पडू शकतो. काढलेली पट्टी चिकट बाजू आत येईल अशी दुमडायची आणि तिची विल्हेवाट होईपर्यंत नजरेआड करायची नाही.

नदीकाठ

मी सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो. विल्हेवाटीचा भाग मी थोडा उलगडून लिहितो.

आपल्याकडे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. त्यांनुसार रुग्णालये, नर्सिंग होम, दवाखाने यांची मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या वर्गात, म्हणजे पिवळ्या पिशवीतल्या कचऱ्यात येतात आणि ती कंपनीकडे परत जावीत किंवा भट्टीत जाळली जावीत, अशी तरतूद आहे. मेथोट्रेक्सेटसारख्या पेशीमारक औषधांसाठी वेगळी खूण असलेले पिवळे पात्र आणि १२०० अंशांहून अधिक तापमानाची भट्टी सांगितली आहे. सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या वर्गात जातात. हा नियम शाळेतील प्रथमोपचार खोलीचेही नाव घेतो. म्हणून ज्या वृद्धाश्रमात रोज इन्सुलिन टोचले जाते आणि जखमांवर पट्ट्या बांधल्या जातात, त्याने "आम्ही रुग्णालय नाही" असे म्हणून बाजूला राहू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि आपल्या भागातील असा कचरा नेणाऱ्या सामूहिक प्रक्रिया केंद्राची गाडी सुरू करून घ्यावी.

घरातील औषधांची वाट निराळी आहे. २०१६ च्याच घनकचरा व्यवस्थापन नियमांत मुदतबाह्य औषधे आणि वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, आणि शहरात दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला असा कचरा स्वीकारणारे एक केंद्र असावे, असे म्हटले होते; २०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. आपल्या प्रभागात ते कुठे आहे, हे कार्यालयात जाऊन विचारा. नागरिकांनी विचारल्याशिवाय अशी केंद्रे कागदावरून जमिनीवर उतरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. केरळमध्ये औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोळिकोडपासून घरांतील न वापरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्याकडेही हे अशक्य नाही.

संडासात टाकण्याविषयी नीट समजून घ्यावे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिच्यात १७ औषधांची यादी असून ती मात्र संडासात टाकावीत, असे सांगितले आहे. फेंटानिल, मॉर्फिन, डायझेपाम, ट्रॅमॅडॉल यांसारखी ही औषधे चुकून दुसऱ्याच्या पोटात गेल्यास एकाच मात्रेत जीव जाण्याचा धोका असतो, म्हणून पाण्याच्या हानीपेक्षा तो धोका मोठा मानला आहे. या यादीचा अर्थ सगळीच औषधे ओतून द्यावीत असा मुळीच नाही. प्रतिजैविके तर कधीच ओतू नयेत. आपल्या गावांतील बहुतेक आश्रमांचे सांडपाणी सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात जाते, आणि पन्नास-शंभर फुटांवर त्याच आश्रमाची विंधनविहीर असते. अशा ठिकाणी मला स्वतःला यादीतील औषधेही पिवळ्या पिशवीच्या मार्गाने, मोजून आणि सही घेऊन पाठवणे अधिक योग्य वाटते. जिथे तो मार्गच नाही आणि गोळ्या चोरीला जाण्याची किंवा मुलांच्या हाती लागण्याची भीती आहे, तिथे मार्गदर्शिकेप्रमाणे वागावे. उपशामक केंद्रातून, म्हणजे गंभीर आजारातील वेदना कमी करणाऱ्या केंद्रातून, मिळालेल्या मॉर्फिनच्या गोळ्या उरल्या, तर त्या त्याच केंद्रात नेऊन द्याव्यात आणि पोच घ्यावी.

परसात जाळणे हा उपाय नाही. साध्या शेकोटीत प्लास्टिकचे वेष्टन आणि औषध अर्धवट जळते आणि धूर नेमका दम्याच्या रुग्णांच्या खिडकीत जातो. इनहेलर तर जाळू नये आणि त्याला छिद्रही पाडू नये, कारण दाबाखालचा डबा फुटतो. काहीच सोय नसेल, तर साध्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाचा चोथा किंवा ओल्या मातीत कालवाव्यात, पिशवी घट्ट बांधावी आणि घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. रिकाम्या स्ट्रिप, बाटल्यांची लेबले आणि खोकी फाडून टाकावीत. अखंड वेष्टन भंगारातून पुन्हा भरले जाऊ नये आणि कचरावेचक ताईंच्या मुलांच्या हाती गोळ्या लागू नयेत, ही दोन्ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत.

आंबेमोहर (धागालेखक)

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. काय केले ते लिहितो.

आमच्या कुटुंबाचे डॉक्टर स्वतःचे छोटे रुग्णालय चालवतात आणि त्यांच्याकडे पिवळ्या पिशवीची गाडी येते. त्यांनी यादी करून औषधे स्वीकारली. ट्रॅमॅडॉलच्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या, त्या १९ भरल्या, आणि खाली दोघांनी सह्या केल्या. मेथोट्रेक्सेट त्यांनी वेगळ्या पाकिटात घातले. इनहेलर मात्र घेतला नाही. तो प्रभाग कार्यालयाच्या घातक कचऱ्याच्या पेटीत टाकण्यासाठी मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या, कारण पहिल्या दिवशी पेटीची खोली कुणालाच ठाऊक नव्हती.

त्यानंतर वृद्धाश्रमात जाऊन व्यवस्थापकांना हा धागा वाचून दाखवला. ते रागावले नाहीत. त्यांनी प्रवेशाच्या अर्जात एक ओळ वाढवायचे ठरवले आहे. निवासी व्यक्ती आश्रम सोडून गेली किंवा तिचे निधन झाले, तर तिची औषधे सात दिवसांच्या आत कुटुंबाला यादीसह दिली जातील किंवा विल्हेवाटीसाठी पाठवली जातील, कपाटात राहणार नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायचे पत्र मी लिहून दिले आहे.

कपाट आम्ही दोघांनी मिळून रिकामे केले. त्याला संपूर्ण दुपार लागली. हयात नसलेल्या पाच जणांची आणि मुलांकडे परत गेलेल्या दोघांची औषधे निघाली. जुनी परिचारिका यांनी सांगितल्याप्रमाणे लाडवांच्या डब्यातील गोळ्या मी डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी ३४ पैकी २१ ओळखल्या, त्या रक्तदाबाच्या होत्या. आत्याची मात्रा मागच्या वर्षी दोनदा वाढवली होती.

जुनी परिचारिका

आंबेमोहर, त्या २१ गोळ्यांची नोंद आश्रमाच्या वहीतही करून घ्यावी, आत्याबाईंच्या नावापुढे, तारखेसह. त्यांच्या खोलीत आता ज्या आजी आल्या असतील, त्यांच्या उशीखाली पाहण्याची आठवण मावशींना त्यामुळे राहील.